रांगेतले तास कुणाच्या हिशेबात?

उरणच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनर लादलेल्या ट्रेलरच्या रांगा रायगडकरांना नव्या नाहीत. शेजारून मोटारीने जाणाऱ्याला वाटते, चालकांची मजा आहे. कुणी केबिनमध्ये आडवा झाला आहे, कुणी टायरच्या सावलीत पत्ते कुटतो आहे, कुणी स्टोव्हवर खिचडी टाकली आहे. हाताला काम नाही म्हणजे विश्रांती, असा आपला साधा हिशेब असतो. शरीराच्या दृष्टीने हा हिशेब चुकीचा आहे, आणि लांब पल्ल्याच्या ट्रकचालकाची मजुरी नेमकी याच हिशेबावर ठरते.

ट्रकवर पैसे मिळतात ते गाडी फिरल्याचे. पद्धती गावोगावी वेगळ्या आहेत. कुठे थोडा ठरलेला पगार आणि वर खेपेचा भत्ता, कुठे नुसता खेपेचा हिशेब, कुठे किलोमीटरमागे दर. निघताना मालक उचल देतो. त्यातून डिझेल, जेवणखाण, पंक्चर आणि रस्त्यावरचे उघड-झाकले खर्च भागवायचे, माल उतरवून पोचपावती आणायची आणि परत आल्यावर हिशेब करायचा. या हिशेबात गाडी किती दिवस उभी होती, हा रकाना बहुतेक वेळा नसतोच. समजा, एका खेपेचे चालकाला आठ हजार रुपये सुटतात. पाच दिवसांत खेप झाली तर दिवसाला सोळाशे पडले. तीच खेप कारखान्याच्या दारात आणि गोदामाच्या फाटकावर अडकून दहा दिवसांची झाली, तर आठशेच. शिवाय जादा पाच दिवसांचे जेवण त्याच पैशांतून गेले. त्याने काम कमी केले असे नाही, उलट घराबाहेर दुप्पट दिवस काढले.

वाहतुकीच्या धंद्यात या उभ्या गाडीच्या आकाराला ‘हॉल्टिंग’ म्हणतात. भाडे ठरवताना ते बोलले जाते, कधी कागदावरही येते. वसूल करायची वेळ आली की माल पाठवणारा माल घेणाऱ्याकडे बोट दाखवतो, घेणारा ट्रान्सपोर्टरकडे, आणि ट्रान्सपोर्टर पुढच्या महिन्याचे काम हातचे जाऊ नये म्हणून गप्प बसतो. एक-दोन गाड्यांच्या मालकाच्या डोक्यावर बँकेचा हप्ता असतो. त्याच्याही हाती काही लागत नाही. मोठ्या कारखान्याच्या दृष्टीने मात्र दारात उभा असलेला भरलेला ट्रक म्हणजे फुकटचे गोदाम. जागेचे भाडे नाही, राखणीला माणूस आहे, माल ताडपत्रीखाली सुरक्षित. ज्या गोष्टीचे पैसे मोजावे लागत नाहीत तिची उधळपट्टी होते. चालकाच्या वेळेची होते ती याच नियमाने.

कायद्यातली पंधरा मिनिटे

भारतात मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ पासून स्वतंत्र कायदा आहे. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि विश्रांती धरून सगळी पाळी बारा तासांच्या आत, असे त्याचे मुख्य कलम. मोटार वाहन कायदाही चालकांच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवतो. कामाचे तास कशाला म्हणायचे, याची व्याख्याही तिथे आहे. गाडी चालू असतानाचा वेळ, माल चढवणे-उतरवणे किंवा देखभाल यांसारख्या जोडकामाचा वेळ, आणि टर्मिनलवर नुसते हजर राहण्याचा पंधरा मिनिटांहून कमी असा वेळ.

पंधरा मिनिटांहून कमी! ही तरतूद वाचताना डोळ्यांपुढे एसटीचा फलाट येतो. गाडी लागली आहे, वाहक नोंदणी करून येतो आहे, चालक चहाचा कप हातात घेऊन बॉनेटपाशी उभा आहे. तेवढ्या वेळाचे पैसे कापू नयेत, हा हेतू चांगलाच होता. पण ट्रकची वाट पाहणी मिनिटांत मोजली जात नाही, ती तासांत आणि दिवसांत मोजावी लागते. चालक मालकाच्या दिमतीला आहे म्हणून सगळाच वेळ कामाचा, असा युक्तिवाद एखादा वकील करील. दुसरा पंधरा मिनिटांच्या मर्यादेवर बोट ठेवील. चालक मात्र वकिलापर्यंत पोचतच नाही. मुळात हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होणारा, आणि देशातील बहुसंख्य ट्रकमालकांकडे पाचही गाड्या नसतात. आता हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२०च्या संहितेत विलीन झाला आहे आणि संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली. दिवसाची मर्यादा तिथेही आठ तासांचीच आहे. महामार्गावरच्या धाब्यावर कुणाही चालकाला विचारावे, आठ तासांत गाडी कुठवर जाते. तो हसेल.

युरोपीय संघाने २००२ मध्ये रस्ते वाहतुकीतील कामाच्या वेळेबाबत जो निर्देश काढला, त्यातली एक ओळ यासंदर्भात फार शहाणपणाची आहे. माल चढण्या-उतरण्यासाठी किती थांबावे लागेल हे आधी ठाऊक नसेल, तर तो सगळा वेळ कामाचा धरायचा. ठाऊक असेल तर तो वेगळ्या खात्यात, कारण मग माणूस त्या वेळेचे काही करू शकतो. झोपू शकतो, गावात जाऊन येऊ शकतो, डॉक्टरकडे जाऊ शकतो. थांबण्याच्या लांबीइतकाच महत्त्वाचा मुद्दा म्हणजे ते किती लांबणार हे माहीत नसणे. झोपेचा अभ्यास करणाऱ्यांचे म्हणणेही हेच आहे.

रांगेतली झोप

स्वीडनमधील टॉर्सव्हाल आणि ऑकरस्टेट या संशोधकांनी १९८८ मध्ये जहाजावरच्या इंजिनिअरांच्या मेंदूचे विद्युत आलेख झोपेत काढले. या लोकांना रात्री आपापल्या खोलीत झोपायची मुभा होती, पण इंजिनात काही बिघडले की घंटा वाजे आणि त्यांना उठावे लागे. अशा रात्री त्यांची झोप कमी भरली, गाढ झोपेचा वाटा घटला, नाडीचे ठोके वाढले. हे अपेक्षितच होते. विशेष म्हणजे घंटा वाजण्यापूर्वीच्या झोपेतही हा बिघाड दिसला. घंटा वाजेल, एवढ्या धास्तीने मेंदू अर्धा जागा राहिला होता.

फाटकावरच्या रांगेत नेमके हेच घडते. पुढची गाडी हलली आणि आपली हलली नाही तर मागचे हॉर्न वाजवतात, नाहीतर मधे घुसतात. आपला नंबर पुकारला आणि आपण झोपलेलो असलो तर नंबर शेवटी जातो. ताडपत्री फाडून माल काढणारे, डिझेल चोरणारे फिरत असतात ते निराळेच. चार तास आडवे पडून चालकाला मिळते ती तुकड्यातुकड्यांची, वरवरची झोप. पूर्वी पाळीने झोपायला, गाडीवर नजर ठेवायला क्लीनर असे. खर्च वाचवण्यासाठी पुष्कळ गाड्यांवरून तोही गेला.

आणि मग रात्री दोन वाजता गाडी खाली होते. आता थांबून राहावे तर परतीचे भाडे हातचे जाते. ई-वे बिलाची मुदतही धावत असते, साधारण दोनशे किलोमीटरमागे एक दिवस अशी. गेलेला वेळ भरून काढायला चालक तसाच निघतो. झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा ते तीस मिनिटे मेंदू पुरता जागा नसतो, निर्णय उशिरा होतात. शिवाय पहाटे दोन ते पाच ही शरीराच्या घड्याळातली सर्वांत सुस्त वेळ. ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते आणि चोवीस तास जागल्यावर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीवर जाते. भारतात गाडी चालवताना मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. नाकाबंदीत फुंकर मारायला लावणारे यंत्र आहे, जागरण मोजणारे नाही.

सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये देशातील दहा वाहतूक केंद्रांवर बाराशेहून अधिक चालकांशी बोलून अहवाल काढला. त्यात दिवसाचे सरासरी चालवणे बारा तासांच्या आसपास निघाले आणि थकवा किंवा झोप येत असतानाही गाडी चालवतो, असे जवळपास निम्म्या चालकांनी सांगितले. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. सरकारी नोंदीनुसार त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगामुळे झाले. पोलिसांच्या रकान्यात ‘अतिवेग’ लिहिले की तपास संपतो. त्याआधीचे छत्तीस तास चालक कुठे होता, हे विचारणारा रकाना असता तर त्या टक्केवारीचे काही तुकडे दुसरीकडे गेले असते.

अमेरिकेत हा प्रश्न विचारला गेला. तिथेही लांब पल्ल्याच्या चालकाला मैलावर पैसे मिळतात आणि आंतरराज्य मालवाहतुकीतील बहुतेक चालकांना १९३८च्या श्रम कायद्यातील जादा कामाच्या दीडपट मजुरीतून वगळलेले आहे. गोदामात पहिले दोन तास फुकट थांबायचे, अशी तिथली रूढी. कामावर रुजू झाल्यापासून चौदा तासांच्या आत अकरा तास चालवायची परवानगी असल्याने थांबण्यात गेलेला वेळ सरळ कमाईच्या तासांतून वजा होतो. अमेरिकी परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये अहवाल दिला. थांबण्याची सरासरी वेळ पंधरा मिनिटांनी वाढली तर अपघाताचा अपेक्षित दर ६.२ टक्क्यांनी वाढतो, असा त्यातला अंदाज आहे. पुन्हा पंधरा मिनिटेच! अशा थांबण्याने चालकांचे वर्षाला एक अब्ज डॉलरहून अधिक उत्पन्न बुडते, असेही त्यात म्हटले आहे. आकडे मांडणीवर अवलंबून आहेत, हे अहवालही मान्य करतो. पण दिशा स्पष्ट आहे.

उलट दिशेचा दाखलाही आहे. जे. बी. हंट या मोठ्या अमेरिकी मालवाहतूक कंपनीने १९९७ मध्ये चालकांचे वेतन सुमारे एक तृतीयांशाने वाढवले. मायकेल बेल्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कंपनीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चांगला पगार असलेल्या चालकांचे अपघात लक्षणीय कमी झाल्याचे आढळले. नोकरी सोडून जाणारेही घटले. पैसा आणि अपघात यांचे नाते असे असेल तर चालकाचे वेतन हा नुसता कामगार प्रश्न उरत नाही, त्याच रस्त्यावर दुचाकीवरून कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या जिवाचाही प्रश्न होतो.

उभ्या गाडीतले शरीर

अपघात एका क्षणात होतो, म्हणून तो दिसतो. थांबण्याचे बाकीचे दुष्परिणाम दिसायला दहा-पंधरा वर्षे लागतात.

लंडनच्या डबलडेकर बसवरचे चालक आणि वाहक यांची तुलना करून जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये दाखवले की, दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांपेक्षा बसून राहणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक होतो. व्यायाम आणि हृदय यांच्या नात्याचा आधुनिक अभ्यास इथूनच सुरू झाला. ट्रकचालक त्या लंडनच्या चालकापेक्षा कितीतरी अधिक वेळ बसतो, आणि गाडी उभी असतानाही तिच्यापासून लांब जाऊ शकत नाही. पोटरीचे स्नायू हलले नाहीत की पायांतले रक्त वर ढकलले जात नाही. घोट्यांना सूज येते, शिरा फुगतात, आणि क्वचित खोलवरच्या शिरेत गुठळी धरून ती फुप्फुसापर्यंत जाते.

रांगेत स्वच्छतागृह नसते. म्हणून चालक पाणीच कमी पितो. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याच्या केबिनमध्ये घाम वाहतो, लघवी घट्ट होते आणि मुतखड्याची बी रुजते. लघवी तासन् तास दाबून धरण्याने मूत्रमार्गाचे संसर्ग होतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीचे प्रमाण वाढवतात. डॉक्टरने लिहून दिलेली तीच गोळी चालक रस्त्यावर असताना बंद करतो, आणि तपासणीला आला की ‘घेतो की साहेब’ म्हणतो. खोटे बोलल्याबद्दल त्याला रागावण्यात अर्थ नाही. गोळी लिहिणाऱ्याने त्याचा दिवस कसा जातो ते विचारलेले नसते.

मधुमेहाचे तर याहून अवघड. ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतले की ठरल्या वेळी पोटात अन्न जावे लागते. नाश्ता करू म्हणून सकाळी गोळी घेतली आणि तेवढ्यात नंबर पुकारला; आत यार्डात चार तास गेले, तिथे खायला काही नाही. साखर उतरते. हात थरथरतात, घाम फुटतो, डोके सुन्न होते, आणि चालकाला वाटते उन्हाने झाले. या अवस्थेत तो पंचवीस टनांची गाडी मागे घेत असतो. एकदा असे झाले की पुढच्या वेळी तो गोळीच टाळतो, साखर वाढत जाते, तळपायाच्या संवेदना जातात आणि क्लचवर पाय ठेवणाऱ्या माणसाला बूट चावलेला कळत नाही.

‘एसी केबिन आता सक्तीचे झाले ना?’ असे कुणी विचारील. खरे आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन बंधनकारक आहे आणि हा निर्णय स्वागतार्हच आहे. पण एसी चालायला इंजिन चालू लागते. उभ्या अवजड गाडीचे इंजिन तासाला दोन-तीन लिटर डिझेल सहज पिते. ॲव्हरेज कमी पडला तर पुष्कळ ठिकाणी तो चालकाच्या हिशेबातून कापला जातो. त्यामुळे रांगेत, म्हणजे ज्या वेळी उकाडा सर्वांत असह्य, त्या वेळी एसी बंदच राहणार.

मनावरच्या ताणाचेही मोजमाप झालेले आहे. कामाचा दबाव मोठा आणि त्यावर आपले नियंत्रण शून्य, अशा स्थितीला अमेरिकेतील रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये ‘जॉब स्ट्रेन’ची मांडणी करून नाव दिले. तेरा युरोपीय अभ्यासगटांतील जवळपास दोन लाख लोकांची माहिती एकत्र करून २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जे विश्लेषण आले, त्यात असा ताण असणाऱ्यांना हृदयधमन्यांच्या विकाराचा धोका २३ टक्क्यांनी अधिक आढळला. जर्मनीचे योहानेस सिग्रिस्ट यांनी दुसरी बाजू मांडली: केलेल्या कष्टाचा मोबदला मिळत नाही ही जाणीवच शरीराला पोखरते. ट्रकचालकाच्या वाट पाहण्यात दोन्ही आहे. फाटक कधी उघडेल हे त्याच्या हातात नाही, आणि उघडेपर्यंतच्या वेळेची किंमत शून्य. घरून फोन येतो, ‘निघालात का?’ उत्तर तेच, ‘अजून गाडी खाली नाही.’ तंबाखूची मळणी, गुटख्याच्या पुड्या, रात्री क्वार्टर, आणि मग जागे राहण्यासाठी काही मार्गांवर अफूच्या बोंडांचा भुगा, हे सगळे या मोकळ्या पण बांधलेल्या वेळेत शिरते. व्यसनमुक्तीच्या व्याख्यानात चालकाच्या स्वभावावर खापर फोडले जाते. रांगेची लांबी कमी केली तर व्यसनाची संधीही कमी होते, हे मात्र त्या व्याख्यानांत ऐकू येत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. तुलना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी. थांबण्याचे तास कामात धरले नाहीत, तर कागदावर ट्रकचालक या ५५ तासांच्या रेषेखाली दिसू शकतो. महामार्गालगतच्या सरकारी रुग्णालयात अर्धांग लुळे पडलेल्या अवस्थेत आणला गेलेला चालक, खिशात रक्तदाबाच्या गोळ्यांची आठवड्यापूर्वी संपलेली पट्टी, हे दृश्य तिथल्या अपघात विभागाला नवीन नाही. धमन्या हजेरीपट पाहत नाहीत.

नाशिकचा कांदा, बंगालची सीमा

थांबण्याचे टोक पाहायचे तर १४ सप्टेंबर २०२०ची गोष्ट आठवावी. केंद्राने त्या दिवशी कांद्याची निर्यात अचानक बंद केली. नाशिक जिल्ह्यातून भरून निघालेल्या गाड्या सुमारे दोन हजार किलोमीटर तोडून बांगलादेशच्या सीमेवर, पेट्रापोल, महदीपूर, हिली अशा नाक्यांवर उभ्या होत्या. कांदा सडू लागला त्याच्या बातम्या झाल्या. शेतकरी, व्यापारी, निर्यातदार, सगळ्यांच्या नुकसानीची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. कोविडच्या त्या काळात कुजत्या मालाशेजारी केबिनमध्ये राहणाऱ्या चालकाच्या दिवसांचा भाव कुणी काढला नाही.

सीमेवरची रांग आणि आरोग्य यांचा संबंध आफ्रिकेने फार महाग शिकून घेतला. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील सीमानाक्यांवर ट्रक दिवसेंदिवस अडकत, आणि त्या नाक्यांभोवती एचआयव्हीचा फैलाव झाला. पुढे तिथे नाक्याजवळच चालकांसाठी छोटे दवाखाने उघडले. झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्यातल्या चिरुंडू नाक्यावर २००९ मध्ये दोन्ही देशांची तपासणी एकाच ठिकाणी करायला सुरुवात झाली. रोगप्रतिबंधाचे काम असे कधी कधी कस्टमच्या खिडकीत सुरू होते. भारतातही १ जुलै २०१७ला वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमेवरचे कर-नाके उठले, तेव्हा चालकांच्या आयुष्यातली कित्येक वर्षांची रांग एका झटक्यात कमी झाली. त्यावर आर्थिक लेख पुष्कळ आले, आरोग्याच्या अंगाने कुणी लिहिले नाही. फास्टॅगने टोलवरची रांग आखडली. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटरचा प्रवास झपाट्याचा केला. रस्ता सुधारला, आता गाडी अधिक लवकर पोचते आणि अधिक लवकर रांगेत लागते. फाटकाच्या आतला कारभार, म्हणजे हमालांची पाळी, वजनकाट्यावरची गर्दी, कागद सही करणाऱ्या साहेबांचे जेवण, यात फारसा फरक नाही.

जपानने यावर उपाय शोधला तो वहीचा. २०१७ पासून तिथे मोठ्या ट्रकला मालासाठी तीस मिनिटांहून अधिक थांबावे लागले तर त्याची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. नंतर थांबणे आणि माल चढवणे-उतरवणे मिळून दोन तासांच्या आत आटोपावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि एप्रिल २०२४ पासून चालकांच्या जादा कामाला वर्षाला ९६० तासांची मर्यादा पडली. आपल्याकडे नोंदीचे साधन आधीच हजर आहे. फास्टॅगची वेळ, कारखान्याच्या फाटकावरची आवक-जावक, वजनकाट्याची पावती, गाडीतले जीपीएस, प्रत्येकावर घड्याळाचा आकडा असतो. उशीर झाला की याच आकड्यांवरून चालकाकडून दंड वसूल होतो. फाटकावर पोचल्यापासून ठरावीक तासांनंतर चालकाच्या नावाने थेट आकार सुरू व्हावा, मालकाच्या नव्हे, यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही.

महाराष्ट्राला असे काही करणे अनोळखी नाही. याच ट्रकमध्ये माल भरणाऱ्या हमालांसाठी या राज्याने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. मजुरी मंडळाकडे जमा होते, भविष्य निर्वाह निधी आहे, रजेचे पैसे आहेत. एकाच फळ्यावर उभे राहून पोते देणारा आणि घेणारा, यांतल्या एकाच्या घामाची नोंद होते.

तोवर चालकाने आणि त्याच्या घरच्यांनी काही गोष्टी करण्यासारख्या आहेत. औषधे खेपेच्या दिवसांइतकी नेऊ नयेत, दुप्पट दिवसांची न्यावीत. अर्धी पिशवीत, अर्धी केबिनच्या खणात. वापरात असलेले इन्सुलिन डॅशबोर्डवर ठेवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात ते बऱ्यापैकी गार राहते. बर्फाला थेट चिकटले तर मात्र खराब होते. साखर उतरण्याची गोळी किंवा इन्सुलिन जेवण समोर आल्यावरच घ्यावे आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. अचानक घाम आणि थरथर सुटली तर आधी ती तोंडात टाकावी, गाडी थांबवावी, ऊन की साखर हा विचार मग करावा. रांगेत दर तासाला पाच मिनिटे गाडीभोवती चालावे, ते जमत नसेल तर बसल्या जागी टाचा वर-खाली कराव्यात. गाडी खाली झाली की लगेच निघण्याऐवजी तोंड धुऊन, चहा घेऊन वीस-पंचवीस मिनिटांनी चावी फिरवावी. दणदणीत घोरणारा, मान जाड असलेला आणि दिवसा सिग्नललाही डुलकी काढणारा चालक असेल तर त्याला झोपेत श्वास अडकण्याचा विकार असू शकतो. तो बरा करता येतो, पण परवाना नूतनीकरणाच्या वेळच्या वैद्यकीय दाखल्याचा भर डोळे, कान आणि हातपाय यांवर असल्याने तिथे तो सुटून जातो.

डॉक्टरांसाठीही एक गोष्ट. चालक रुग्ण समोर आला की औषध लिहिण्यापूर्वी त्याला विचारावे: मागच्या खेपेला किती दिवस उभे होता? दिवसातून एकदा घ्यायची, साखर एकदम न पाडणारी, लघवीला सारखे पळायला न लावणारी औषधे उपलब्ध आहेत. त्यांतली बरीच सरकारी रुग्णालयातही मिळतात. आरोग्य शिबिरे ट्रान्सपोर्ट नगरात सकाळी अकराला भरतात, तेव्हा गाड्या लागलेल्या असतात बंदराच्या, बाजार समितीच्या आणि कारखान्यांच्या फाटकांवर. रक्तदाबाचे यंत्र आणि साखर तपासायच्या पट्ट्या घेऊन एका परिचारिकेने संध्याकाळी सहा ते नऊ त्या रांगेतून फिरायचे ठरवले, तर तिला रुग्ण शोधावे लागणार नाहीत.